ग्रंथालयाची नवी दवंडी
समाजमाध्यमांच्या साहाय्याने वाचकसेवेचा प्रसार

ग्रंथालयात पुस्तक आहे आणि गावात त्या पुस्तकाचा वाचकही आहे. परंतु त्या दोघांची गाठ पडत नाही, ही आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांपुढील आजची खरी अडचण होय. पुस्तकांची खरेदी होते, दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक मिळतो, वर्गीकरण होऊन ती कपाटात आपापल्या जागी जातात आणि पुष्कळदा तेथेच राहतात. व्याख्यानमाला योजली जाते, वक्ते वेळेवर येतात आणि समोरच्या खुर्च्या मात्र रिकाम्या असतात. कार्यकर्त्यांची तळमळ कमी पडते, असे नाही. उणीव असते ती वार्ता योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचविण्याची.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी सन १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा त्यांतील दोन सूत्रांचा आशय आहे. पहिल्या अपेक्षेसाठी ग्रंथसंग्रह सिद्ध करावा लागतो. दुसऱ्या अपेक्षेसाठी ग्रंथालयाला स्वतः वाचकाच्या शोधात निघावे लागते. प्रसिद्धी हे ग्रंथालयाचे फावल्या वेळचे काम नसून सेवेचेच एक अंग आहे, हे या सूत्रातून ओघाने निष्पन्न होते.

परंपरा जुनीच आहे

नव्या साधनांचा अवलंब करणे ग्रंथालयाच्या गांभीर्यास शोभत नाही, असा एक समज काही ठिकाणी आढळतो. आपल्याच ग्रंथालय चळवळीचा इतिहास या समजास दुजोरा देत नाही. बडोदे संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी सन १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. एवढ्यावर न थांबता त्या ग्रंथालय खात्याने दृश्य शिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढला आणि चित्रदीप व चलच्चित्रे यांच्या साहाय्याने खेड्यापाड्यांतील निरक्षर रयतेलाही ज्ञानाच्या परिघात आणले. चलच्चित्र हे त्या काळी सर्वांत नवे साधन होते आणि ग्रंथालयानेच ते हाती घेतले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्रातही रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आणि पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चालत आले आहे. या संस्था टिकल्या त्या लोकाश्रयावर. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अमलात आला आणि लोकांनी स्थापन केलेल्या ग्रंथालयांना शासनाने मान्यता व अनुदान द्यावे, अशी घडी बसली. अ, ब, क, ड अशा वर्गांतील हजारो ग्रंथालये आज राज्यभर पसरली आहेत. ग्रंथालय संस्थेचे आणि साहाय्य शासनाचे, हे आपल्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. म्हणूनच वाचक दुरावला, तर येथील ग्रंथालयाचा पायाच खचतो. सभासदांची वर्गणी घटते, देवघेव मंदावते आणि हळूहळू दरवाजा उघडण्याचे तासही कमी होत जातात.

मांजरीसारख्या गावाचा प्रश्न

हा प्रश्न नीट समजून घेण्यासाठी पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या मांजरीचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. नदीच्या एका तीरावर मांजरी बुद्रुक आणि दुसऱ्या तीरावर मांजरी खुर्द. ऊस आणि भाजीपाला ही येथील परंपरागत पिके. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ साली स्थापन झालेली ऊससंशोधन संस्था मांजरी बुद्रुक येथेच आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून मांजरी फार्म येथे कार्यरत असून 'मांजरी मेडिका' या त्याच्या द्राक्षवाणाने गावाचे नाव दूरवर नेले आहे. कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजारही येथे भरतो.

सन २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत जी २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत मांजरी बुद्रुक हे एक होते. शेताच्या बांधाला लागून बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. एकाच परिसरात आता पिढीजात बागायतदार, नोकरीनिमित्त नुकतीच स्थायिक झालेली कुटुंबे, बांधकामावरील मजूर आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी अशी नानाविध वस्ती नांदत आहे.

पूर्वी गावातील वार्ता चावडीपुढे, पारावर किंवा बाजाराच्या दिवशी सर्वांना कळत असे. दवंडी पिटली की गाव जागा होई. ग्रंथालयाच्या दारातील फळ्यावर खडूने लिहिलेली सूचनाही पुरेशी ठरे. कारण त्या वाटेने सारेच जात. आज नव्या वसाहतीत राहणारा गृहस्थ सकाळी मोटारीने कामावर जातो आणि रात्री परततो. त्याच्या मुलीला गोष्टींची पुस्तके हवी असतात, वृद्ध आईला मराठी मासिके हवी असतात आणि अर्ध्या मैलावर ग्रंथालय असूनही त्या घराला त्याचा पत्ता नसतो. फळा जुन्या वाटेवरच राहिला आणि माणसांची वाट बदलली. ही स्थिती एकट्या मांजरीची नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक वाढत्या शहराच्या वेशीवरील गावे याच अवस्थांतरातून जात आहेत.

माणसांची ही नवी वाट त्यांच्या हातातील भ्रमणध्वनीतून जाते. फेसबुक २००४ साली, यूट्यूब २००५ साली, व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले. यांतील बहुतेक साधनांचा प्राथमिक वापर विनामूल्य आहे. अल्प उत्पन्नाच्या ग्रंथालयासही परवडेल असा हा फळा आहे. मात्र तो कसा वापरावा, याचे काही नियम आहेत.

पहिली पायरी : काय सांगावयाचे?

साधनाची निवड करण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने एकत्र बसून आपल्या सेवांची यादी करावी. घरी नेण्यासाठी पुस्तके, वृत्तपत्रांचा मुक्त वाचनकक्ष, बालविभाग, अभ्यासिका, संदर्भसेवा, दिवाळी अंकांची योजना असे सारे तीत यावे. प्रत्येक सेवेपुढे वेळ, वर्गणी, अनामत आणि ती कोणासाठी आहे, हे लिहावे. अनेकदा ही साधी माहिती खुद्द जुन्या सभासदांनाही पूर्णपणे ठाऊक नसते.

यानंतर गावाच्या जीवनक्रमाशी जुळणारे वार्षिक वेळापत्रक तयार करावे. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि १४ ते २० नोव्हेंबरचा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह हे त्यातील ठळक टप्पे होत. त्यांच्या जोडीला स्थानिक गरजाही नोंदवाव्यात. द्राक्षबागेत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. त्याआधी पंधरा दिवस द्राक्षशेतीवरील पुस्तकांची माहिती प्रसृत केली, तर ती बागायतदाराला कामाची वाटेल. द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्ला बागायतदारांच्या निदर्शनास आणून देणे, हीदेखील उत्तम संदर्भसेवाच होय. शाळांच्या सुट्ट्या, परीक्षांची वेळापत्रके आणि गावची यात्रा यांचाही असाच विचार व्हावा.

दुसरी पायरी : साधनाची निवड

सर्वच साधने एकदम हाती घेण्याचा मोह टाळावा. एखादे पृष्ठ मोठ्या उत्साहाने उघडावे आणि तीन महिन्यांनी ते ओसाड पडावे, यासारखी वाईट प्रसिद्धी दुसरी नाही. लहान ग्रंथालयाने दोन साधनांपासून प्रारंभ करणे इष्ट.

व्हॉट्सॲप हे सर्वाधिक घरांत पोहोचलेले साधन असल्याने त्याचा विचार प्रथम करावा. त्यात तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग समूहाचा. त्यात १,०२४ पर्यंत सदस्य घेता येतात. परंतु प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो. महिला व विद्यार्थिनी सभासदांच्या दृष्टीने ही बाब विचारात घेतली पाहिजे. दुसरा मार्ग प्रसारण यादीचा. तीत वाचकांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. मात्र ज्याने ग्रंथालयाचा क्रमांक आपल्या भ्रमणध्वनीत नोंदविला असेल, त्यालाच संदेश मिळतो. म्हणून सभासदत्वाचा अर्ज भरून घेतानाच हा क्रमांक नोंदविण्याची विनंती करावी. तिसरा मार्ग वाहिनीचा असून तो भारतात २०२३ पासून उपलब्ध आहे. तीत कोणीही स्वेच्छेने सामील होऊ शकतो आणि अनुसरण करणाऱ्यांचे क्रमांक परस्परांपासून गुप्त राहतात. सर्वसाधारण सूचनांसाठी वाहिनी आणि वाचकगटाच्या चर्चेसाठी लहान समूह, अशी विभागणी सोयीची ठरते. समूहात 'संदेश केवळ व्यवस्थापक पाठवतील' अशी तजवीज करता येते. शुभेच्छांच्या आणि अफवांच्या महापुरात ग्रंथालयाची सूचना वाहून जाऊ नये, यासाठी तिचा उपयोग अवश्य करावा.

दुसरे साधन म्हणून फेसबुकवर संस्थेच्या नावाचे स्वतंत्र पृष्ठ असावे. तरुण वाचकांसाठी इन्स्टाग्राम आणि व्याख्यानांच्या ध्वनिचित्रमुद्रणासाठी यूट्यूब ही पुढची पायरी. गूगलच्या नकाशावर ग्रंथालयाचे स्थान, वेळ आणि सुट्टीचा वार अचूक नोंदविणे मात्र प्रारंभीच उरकावे. नव्याने राहावयास आलेला माणूस प्रथम नकाशातच शोध घेतो.

तिसरी पायरी : सूचना लिहावी कशी?

ग्रंथालयांच्या सूचनांत एक ठरावीक साचा आढळतो. 'सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात अत्यंत आनंद होतो की' येथून प्रारंभ होतो, पुढे मान्यवरांच्या नावांची रांग लागते आणि कार्यक्रमाची वेळ शेवटच्या ओळीत, तीही बारीक अक्षरात सापडते. फळ्यापुढे उभा राहिलेला मनुष्य ती शोधून काढी; भ्रमणध्वनीवर बोट सरकवणारा मनुष्य काढणार नाही.

याउलट अशी सूचना पाहावी : 'द्राक्षबागेची छाटणीनंतरची निगा. रविवार, दि. १५ रोजी सायंकाळी ५ वाजता, ग्रंथालयाच्या सभागृहात. तज्ज्ञांशी प्रश्नोत्तरे. प्रवेश सर्वांना विनामूल्य. या विषयावरील पुस्तके त्याच वेळी घरी नेता येतील.' पाच लहान वाक्यांत विषय, वेळ, स्थळ, लाभ आणि पुस्तकाशी असलेले नाते स्पष्ट झाले. शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. ग्रंथालयाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट कपाटापाशी झाला पाहिजे. अन्यथा ते केवळ सभागृह ठरेल.

सूचना युनिकोड देवनागरीत टंकलिखित करावी. तिचे केवळ चित्र पाठविल्यास अक्षरे शोधयंत्राला सहजी सापडत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकांचे वाचनसाहाय्यक यंत्रही ती अनेकदा उच्चारू शकत नाही. चित्र जोडावयाचे असल्यास मजकूरही सोबत द्यावा. कार्यक्रमाची पहिली सूचना आठ दिवस आधी, दुसरी आदल्या सायंकाळी आणि तिसरी त्याच दिवशी सकाळी, एवढे पुरे. याहून अधिक संदेश वाचकाला त्रासदायक वाटतात आणि तो ग्रंथालयाचा आवाजच बंद करून ठेवतो.

कार्यक्रम नसलेल्या दिवसांतही ग्रंथालयाने मौन धरू नये. आठवड्यातून एकदा एका पुस्तकाचा परिचय द्यावा. तो सभासदानेच लिहिलेला असल्यास उत्तम. शेजारच्या इमारतीतील गृहिणीने अथवा निवृत्त शिक्षकाने सांगितलेले चार शब्द प्रकाशकाच्या जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतात.

चौथी पायरी : ऐकण्याची तयारी

दवंडी ऐकून लोक घरी परतत; दवंडी देणाऱ्याला प्रश्न विचारण्याची सोय फारशी नसे. समाजमाध्यमांचे वेगळेपण येथेच आहे. वाचक उलट विचारू शकतो : अमुक पुस्तक आहे काय? रविवारी अभ्यासिका उघडी असते काय? माझ्या मुदतीचे नूतनीकरण होईल काय? या प्रश्नांना एका दिवसाच्या आत उत्तर देण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नेमून द्यावी. विचारलेली आणि संग्रही नसलेली पुस्तके स्वतंत्र वहीत नोंदवावीत. वर्षअखेरीस ग्रंथनिवड समितीपुढे ही वही ठेवली की खरेदी वाचकांच्या मागणीनुसार होईल. समाजमाध्यमाचा हा लाभ प्रसिद्धीहूनही मोठा आहे.

सहभागाचे एक अलीकडचे उदाहरण पुण्यातच घडले. पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने डिसेंबर २०२४ मध्ये 'शांतता, पुणेकर वाचत आहेत' हा उपक्रम झाला. नागरिकांनी ठरलेल्या एका तासात, असतील तेथे बसून आवडीचे पुस्तक वाचावे आणि त्याचे छायाचित्र पाठवावे, अशी त्याची साधी कल्पना होती. शाळा, कार्यालये आणि घरे यांतून तिला प्रतिसाद मिळाला. लहान ग्रंथालयालाही आपल्या गावापुरता असा एक तास योजता येईल. त्यास खर्च जवळजवळ येत नाही आणि वाचणारी माणसे एकमेकांना दिसू लागतात.

पथ्ये आणि दक्षता

नव्या साधनांबरोबर नव्या जबाबदाऱ्याही येतात. त्यांतील चार प्रमुख होत.

पहिली जबाबदारी लेखकाच्या हक्काची. पुस्तकांच्या संगणकीय प्रती समूहांतून सर्रास फिरविल्या जातात. ग्रंथालयाने या गोष्टीस कदापि थारा देऊ नये. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या निधनानंतरही साठ वर्षे हक्क चालू राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले; त्यांचे असे साहित्य २०११ पासून मुक्त आहे. पु. ल. देशपांडे २००० साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क २०६० अखेरपर्यंत अबाधित राहील. ज्या लेखक-प्रकाशकांच्या श्रमांवर ग्रंथालये उभी आहेत, त्यांचेच नुकसान ग्रंथालयाच्या हातून होऊ नये. प्रसिद्धीसाठी स्वतःच्या शब्दांत लिहिलेला परिचय पुरेसा असतो.

दुसरी जबाबदारी वाचकाच्या खासगीपणाची. कोणी कोणते पुस्तक नेले, हे त्याच्या संमतीविना जाहीर करू नये. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी अनुमतीशिवाय प्रसिद्ध करू नयेत. सभासदांचे क्रमांक अन्य कोणासही देऊ नयेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाविषयी २०२३ साली स्वतंत्र अधिनियम संमत झाला आहे, याचेही भान ठेवावे.

तिसरी जबाबदारी ताब्याची. बहुधा एखादा उत्साही तरुण स्वतःच्या क्रमांकावरून पृष्ठ उघडून देतो. पुढे तो नोकरीसाठी परगावी जातो आणि ग्रंथालयाचे पृष्ठ त्याच्यासोबत निघून जाते. म्हणून खाते संस्थेच्या क्रमांकावर असावे, किमान दोन व्यवस्थापक असावेत आणि संकेतशब्द मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या महत्त्वाच्या कागदपत्रांसमवेत ठेवावा. कार्यकारी मंडळ बदलताना दप्तराबरोबर त्याचेही हस्तांतरण व्हावे.

चौथी जबाबदारी तटस्थतेची. ग्रंथालय सर्वांचे आहे. राजकीय प्रचार, जातीय वा धार्मिक वाद आणि शहानिशा न केलेली वार्ता यांना त्याच्या फळ्यावर स्थान नाही. खऱ्याखोट्याची पारख करण्यास ज्या संस्थेकडे लोकांनी यावयाचे, तिनेच अफवा पुढे पाठवावी, ही मोठी विसंगती ठरेल.

यशाचे मोजमाप

पृष्ठास किती जणांनी पसंती दर्शविली, यावरून कार्याचे मूल्यमापन करू नये. अंगठा दाखविणारा प्रत्येकजण ग्रंथालयाची पायरी चढतोच, असे नाही. खरे मोजमाप देवघेवीच्या नोंदवहीत आहे. यासाठी एक सोपी योजना करता येईल. सभासदत्वाच्या अर्जात 'ग्रंथालयाची माहिती कोठून मिळाली?' असा एक रकाना वाढवावा. कार्यक्रमाच्या उपस्थितीपत्रकातही तोच प्रश्न ठेवावा. दर तिमाहीस या उत्तरांची बेरीज करावी. समजा, एका तिमाहीत चाळीस नवे सभासद झाले आणि त्यांपैकी पंचवीस जणांनी व्हॉट्सॲपचा व केवळ दोघांनी फेसबुकचा उल्लेख केला, तर श्रम कोठे खर्च करावेत, हे निराळे सांगावयास नको. परिचय प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची मागणी आधीच्या महिन्यात किती होती आणि नंतर किती झाली, हेही असेच पडताळून पाहावे.

कोणी मागे राहू नये

एका गोष्टीचे विस्मरण होता कामा नये. सर्वांच्या हाती स्मार्टफोन नाही. पुष्कळ कुटुंबांत घरात एकच फोन असतो आणि तो दिवसभर कर्त्या पुरुषाबरोबर बाहेर असतो. वृद्धांना बारीक अक्षर दिसत नाही, तर मजुरांच्या मुलांपर्यंत यांतील कोणतेच साधन पोहोचत नाही. ज्यांना ग्रंथालयाची निकड सर्वाधिक, तेच या नव्या दवंडीच्या कक्षेबाहेर राहण्याचा धोका आहे. यास्तव दारातील फळा पुसून टाकू नये. शाळेतील शिक्षक, अंगणवाडी सेविका, महिला बचत गट, उपबाजारातील सूचनाफलक आणि गृहनिर्माण संस्थांच्या प्रवेशद्वारांवरील फलक यांच्याद्वारे तीच सूचना कागदावरही जावी. भ्रमणध्वनीवर संदेश वाचणाऱ्या प्रत्येक सभासदाने तो निदान एका शेजाऱ्याला तोंडी सांगावा, अशी प्रथा पाडल्यास उत्तमच. नव्या साधनाने जुन्या साधनांस पूरक व्हावे, हाच मार्ग श्रेयस्कर.

केंद्र शासनाने मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषेचा हा गौरव कपाटातील ग्रंथ वाचकांच्या हाती गेल्यानेच सार्थ होणार आहे. त्यासाठी नव्या इमारतीची किंवा मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या मासिक सभेत प्रत्येक ग्रंथालयाने सेवांची यादी करावी, दोन साधने निवडावीत, दोन कार्यकर्ते नेमावेत आणि अर्जात एक रकाना वाढवावा. एवढ्या चार निर्णयांनी प्रारंभ होऊ शकतो. पुढील काम वाचकच करतील; कारण चांगल्या पुस्तकाची वार्ता एकदा एका घरात पोहोचली की ती शेजारच्या घरी जाण्यास फार वेळ लागत नाही.